जुनं वॉलनटचं बेडरूम फर्निचर मुंबईत खरंच मिळतं का?

चाफेकळी

पार्ल्याच्या आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट झालं, दिवाळीनंतर ताबा मिळतोय. बेडरूम दहा बाय बारा. इंटिरियरवाल्याने लगेच खाली स्टोरेज असलेला बॉक्सबेड आणि छतापर्यंत वॉर्डरोब काढून दिलाय. नवरा खूश, मी नाही. मला १९५०-६० च्या सुमाराचं, मिड-सेंच्युरी म्हणतात तसलं वॉलनटचं (अक्रोडाच्या लाकडाचं) फर्निचर हवंय. निमुळते पाय, बारीक कडा, नक्षी अजिबात नाही, हँडलंसुद्धा जेमतेम. पलंग, दोन साइड टेबलं आणि जमलं तर तो लांबलचक ड्रॉवरवाला ड्रेसर. त्या धर्तीचं नवीन बनवून देणारे ढीगभर आहेत, पण मला जुनंच हवंय.

ओशिवऱ्याला रिलीफ रोडवर जुन्या फर्निचरच्या दुकानांत हिंडून आले. जिथे जावं तिथे वॉलनट! एका दुकानात तर तीन रंगांचं वॉलनट दाखवलं. "भाभी, असली है, साठ साल पुराना." साइड टेबलांच्या जोडीचे २८ हजार सांगितले. मी हात फिरवून बघितला, छान वाटलं, पण कळलं काहीच नाही.

तर हे खरंच वॉलनट असतं का, ओळखायचं कसं आणि ओशिवरा सोडून कुठे बघू? बजेट सगळं मिळून दीड लाखाच्या आत. प्लायच्या बाजूने असलेल्यांनी माझ्या नवऱ्याशी बोलावं, इथे नको.

पोटमाळा

रुमाल टाकून ठेवते. आमचंही घर पुढच्या वर्षी.

लाकूडतोड्या

सरळच सांगतो. मुंबईत त्या काळातलं वॉलनटचं बेडरूम फर्निचर जवळपास नाहीच. तुम्हाला दाखवलेलं बहुधा वॉलनट शेडचं पॉलिश मारलेलं सागवान असणार, नाहीतर त्याहून हलकं काहीतरी. दुकानदार रंग सांगतोय आणि आपण लाकूड ऐकतोय, असा हा प्रकार आहे.

तुम्ही फोटोंत बघता ते अमेरिकन ब्लॅक वॉलनट. झाड तिकडच्या पूर्व भागातलं, त्यामुळे तिकडच्या कारखान्यांना ते हाताशी होतं. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आयातीला परवाने लागायचे, त्या काळात अमेरिकेहून पलंग कोण मागवणार? अक्रोडाचं लाकूड काश्मिरातही आहे, पण ते जातं कोरीव कामाला. चिनारची पानं, वेलबुट्टी. तुम्हाला हवंय त्याच्या बरोबर उलट.

मुंबईत होतं ते बर्मा सागवान. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ ची, ब्रह्मदेशातल्या सागवानावरच मोठी झालेली. त्यामुळे इथल्या सुतारांनी जे काही घडवलं ते सागवानात, आणि गिऱ्हाईक तालेवार असेल तर शिसवात. आणि निमुळते पाय, पातळ कडा हे सगळं इथेही झालंच की. डेन्मार्कच्या लोकांनी त्या काळात सागवानात ढिगाने काम केलंय. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुकार पिएर जनरे यांच्या देखरेखीखाली बनलेल्या खुर्च्या सागवानाच्याच, आज परदेशातल्या लिलावांत जातात. तेव्हा तुम्हाला ती घडण आवडत असेल तर वॉलनटचा हट्ट सोडा आणि मुंबईचं जुनं सागवान शोधा. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडके बाहेर पाठवायला बंदी घातली, त्यामुळे त्या प्रतीचं नवीन लाकूड आता सहज मिळत नाही. तुमच्या दीड लाखात जुन्यात मिळेल ते नव्यात मिळणार नाही.

अवांतर: चोरबाजारात कोणी 'चंदीगड की चेअर' दाखवली आणि अस्सल असल्याची खूण म्हणून पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर असला, तरी पाकीट काढू नका. नंबर रंगवायला कितीसा वेळ लागतो?

खटपट्या

वरच्या प्रतिसादाला +१. पण दुकानात उभं राहून सागवान की वॉलनट की रंगवलेलं आंब्याचं लाकूड, हे कळणार कसं? सगळ्यावर पॉलिश असतं.

सुतारपक्षी

वरची फळी बघत बसू नका, तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. दुकानदार कुरकुरला तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

ड्रॉवरचा तळ, मागची फळी आणि बाजूच्या फळ्यांची आतली अंगं यांना सहसा पॉलिश नसतं. तिथे लाकूड उघडं दिसतं. सागवान सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट लागतं, आणि किल्लीने न दिसणाऱ्या जागी जरासं खरवडलंत तर चामड्यासारखा उग्र वास येतो. एकदा घेतलात की विसरणार नाही. वॉलनटचा आतला रंग चॉकलेटी, कधी करडी-जांभळी झाक, आणि दाणा (लाकडातल्या रेषांची ठेवण) नीट बघितला तर बारीक पेन्सिलने ओढलेल्या तुटक रेघा दिसतात. पण ड्रॉवरचं आतलं लाकूड आणि दर्शनी लाकूड वेगवेगळं असू शकतं, तेव्हा पायाच्या खालचं टोकही बघा. तिथे पॉलिशवाला कधी पोचत नाही.

एक गंमत लक्षात ठेवा. आंबा, शिसम, चेरी, बहुतेक लाकडं उजेडाने गडद होत जातात. वॉलनट मात्र फिकट होतं, मधाच्या रंगाकडे झुकतं. त्यामुळे 'साठ साल पुराना' आणि तरी सगळीकडून एकसारखं काळपट चॉकलेटी दिसत असेल, तर तो रंग डब्यातून आलेला आहे.

जुनेपणा सांध्यात दिसतो. ड्रॉवरच्या पुढच्या कोपऱ्यातली डव्हटेलची (एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याची) दातं हाताने कापलेली असतील तर ती जराशी कमीजास्त असतात, मशीनची एकसारखी. ड्रॉवर ज्या लाकडी पट्ट्यांवर सरकतो त्या झिजून गुळगुळीत झालेल्या हव्यात. बेअरिंगचा स्टीलचा चॅनल दिसला तर वस्तू नवीन, निदान दुरुस्त केलेली तरी. चांदणीच्या खाचेचे चकचकीत स्क्रू दिसले तरी तेच. सांध्यात पांढरट गोंद ओघळून वाळलेला असेल तर विचारा, कारण फेविकॉलच मुळी १९५९ चं आहे. त्याआधीचे सुतार सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरायचे, तो वाळला की तपकिरी आणि ठिसूळ होतो.

आणि कीड. बारीक भोकं असणं वाईट नाही, जुन्या लाकडाला असतात. ड्रॉवर काळ्या कागदावर किंवा मोबाईलच्या पाठीवर आपटा. पिठासारखा ताजा, फिकट भुसा पडला तर आत अजून वस्ती आहे. ती वस्तू कितीही गोड असली तरी घरी आणू नका, बाकीच्या फर्निचरची वाट लागेल.

चाफेकळी

@सुतारपक्षी, दंडवत! ही पोस्ट वाखूत (वाचनखुणांत) साठवली. ओशिवऱ्याच्या त्या जोडीचा फोटो पुन्हा मोठा करून बघितला. चॅनल आहे. स्टीलचा. :(

वांद्रेकर

लाकूडतोड्या म्हणतात ते इथल्या मालाबद्दल खरं आहे, पण अस्सल वॉलनट मुंबईत अजिबात नाही असं नाही. दोन वाटांनी आलेलं दिसतं. एक, विलायतेत १९३० च्या दशकात वॉलनट विनिअरचे (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे) बेडरूम सेट खूप निघायचे, त्यातले काही इकडच्या श्रीमंत घरांत आले. पण ते आर्ट डेको. गोलसर कोपरे, जाड बूड, मोठ्ठा गोल आरसा. मरीन ड्राइव्हच्या इमारती डोळ्यांपुढे आणा, तोच अवतार. दुकानदार तेही मिड-सेंच्युरी म्हणूनच खपवतात. आवडलं तर जरूर घ्या, पण तुम्हाला हवंय ते हे नाही.

दुसरी वाट म्हणजे आमच्यासारखे, न्यू जर्सीहून परत येताना कंटेनरमधून सेट घेऊन आलेले. आमचा लेन या अमेरिकन फर्निचर कंपनीचा आहे. त्यांच्या मालावर मागे किंवा ड्रॉवरमध्ये शिक्क्याचा आकडा असतो, तो उलटा वाचला की बनवल्याची तारीख. म्हणजे १६५०७० असेल तर ०७-०५-६१, अमेरिकन पद्धतीने ५ जुलै १९६१. ब्रॉयहिल कंपनीची ब्राझिलिया नावाची मालिका १९६२ ची, ब्राझीलच्या नव्या राजधानीतल्या कमानींवरून घेतलेली वळणं ड्रॉवरांवर आहेत. परत आलेले लोक कधीकधी असे सेट ओएलएक्सवर काढतात, विशेषतः पवई-ठाणे भागात. लक्ष ठेवा.

पण घेण्याआधी तीन गोष्टी ऐका. हे सेट अखंड वॉलनटचे नसतात. पाय आणि कडा भरीव, मोठ्या फळ्या म्हणजे हलक्या लाकडावर किंवा प्लायवर विनिअर. ही फसवणूक नाही, तेव्हाची पद्धतच ती. मोठ्या फळ्या वाकत नाहीत आणि शेजारशेजारच्या ड्रॉवरांवर दाणा आरशातल्यासारखा जुळवता येतो. विनिअर जाडीला एक मिलिमीटरच्या आत. त्यामुळे कोणत्याही पॉलिशवाल्याला त्याच्यावर सँडरचं मशीन चालवू देऊ नका, दोन मिनिटांत खालचं लाकूड वर येतं.

दुसरं, पलंगाचं माप. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन पलंगांचं माप ५४ बाय ७५ इंच. नवरा-बायको दोघं सडपातळ असाल तर ठीक. नंतरचे क्वीन ६० बाय ८० चे, आणि आपल्या बाजारातल्या तयार गाद्यांची मापं वेगळी. म्हणजे गादी बहुधा शिवूनच घ्यायची.

तिसरं, त्या सेटमध्ये कपाट नसतं. कधीच. तिकडे भिंतीत क्लोझेट असायचं, म्हणून सेटमध्ये नुसतेच ड्रॉवर. एक उंच, एक आडवा सहा फुटी. शर्ट, मोजे, स्वेटर. साड्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न आमच्या घरी रीतसर भांडणापर्यंत गेला होता.

प्लायपुराण

बघा! हेच म्हणतो मी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा फुटांचा ड्रेसर ठेवलात तर पलंगाच्या एका बाजूने आडवं होऊन चालावं लागेल. मुंबईत खाली मोकळी जागा सोडणारे पाय म्हणजे चैन आहे. त्या जागेत चार बॅगा, दोन गाद्या आणि गणपतीचं मखर मावतं. भिंतभर वॉर्डरोब करा, वर वॉलनटचा लॅमिनेट लावा, कोणाला कळणार नाही.

पोटमाळा

मला कळेल.

लाकूडतोड्या

प्लायपुराण यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही हो. मीही कपाट नवीनच करावं म्हणेन. पांढरं, भिंतीच्या रंगात मिसळणारं, त्याच्याकडे लक्षच जाऊ नये असं. मग पलंग आणि साइड टेबलं जुनी. सगळी खोली १९५८ ची करायला गेलात तर ती संग्रहालयातली खोली होते. आणि पाय असलेला पलंग लहान खोलीत उलट बरा. खालची फरशी दिसत राहते म्हणून खोली मोठी वाटते, केरही काढता येतो.

वसुधा_गो

मी इथे फारशी लिहीत नाही, पण राहवलं नाही. तुम्ही सगळे दुकानांत शोधताय. ते फर्निचर दुकानात येतं कुठून, बघा की! हिंदू कॉलनी, माटुंगा, गिरगाव, शिवाजी पार्क, पारशी कॉलनी. जिथे इमारती पाडायला निघाल्यात तिथून. लोकांना भाड्याच्या लहान जागेत जायचं असतं, मुलं परदेशात, सामान न्यायला जागा नाही. शेवटच्या आठवड्यात जुना-पुराणा घेणारा येतो आणि सासऱ्यांनी हौसेने करून घेतलेली सागवानी टेबलं दोन-तीन हजारांत उचलून नेतो. तीच मग ओशिवऱ्याला गडद पॉलिश होऊन पंचवीस हजारांना. आमच्या इमारतीत हे डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या मामींच्या जोडपलंगाचा तर हिशेब वजनावर केला!

तेव्हा चाफेकळी, तुम्ही स्वतः रीडेव्हलपमेंटमधून आलात, तुमच्या ओळखीत अशा किती सोसायट्या निघतील. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका की आम्हाला १९५०-६० चं सागवानी फर्निचर हवंय, योग्य किंमत देऊ. लोकांना पैशापेक्षा ते नीट घरात जातंय याचं समाधान असतं. वर चहाही मिळेल.

सुतारपक्षी

वसुधाताई लाख बोललात.

त्या काळचे जोडपलंग मात्र बघून घ्या. तीन-तीन फुटांचे दोन, मध्ये फट. आता दोघांना एक गादी हवी असते. दोन्हींचे आतले पाय काढून एक चौकट करता येते, पण चांगला सुतार हवा. त्यापेक्षा डोक्याकडची फळी जुनी ठेवून बाकीची चौकट नवीन सागवानात करणं मला सोपं वाटतं.

खटपट्या

चोरबाजाराबद्दल कोणीच बोललं नाही? मटन स्ट्रीट.

वांद्रेकर

हँडल, कुलपं, दिवे, आरसे यांच्यासाठी उत्तम. मोठ्या फर्निचरसाठी आता दुकानं कमी झालीत, आणि आहेत त्यांना सिनेमावाले भाड्याने सामान नेतात त्या भावाची सवय. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावरचा जुम्मा बाजार भरतो, तो वेगळा. घासाघीस करायची असेल तर दोष दाखवून करा, रडून नको. 'हा पाय नंतर बसवलाय, दाणा जुळत नाही' म्हटलं की समोरचा तुम्हाला जाणकार गिऱ्हाईक समजायला लागतो.

चाफेकळी

अपडेट द्यायला उशीर झाला. वसुधाताईंचं ऐकलं. ग्रुपवर टाकलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी आईच्या मैत्रिणीच्या नणंदेचा फोन. माटुंग्याची इमारत, महिनाअखेरीला रिकामी करायची. दोन साइड टेबलं, एक चार ड्रॉवरचं उभं कपाटवजा प्रकरण आणि एक आरसा. आजींनी सांगितलं, त्यांच्या लग्नानंतर सासऱ्यांनी घरीच सुतार बसवून एका परदेशी मासिकातल्या चित्रावरून करून घेतलं. १९६१.

मी ड्रॉवर काढून उलटा केला. :) तळाला पेन्सिलने मोडीसारखं काहीतरी खरडलंय, बहुधा सुताराची मापं. पट्ट्या झिजून काचेसारख्या झाल्यात. खरवडल्यावर तो वास! पाय निमुळते, बाहेरच्या बाजूला किंचित कललेले, टोकांना पितळी टोप्या. हँडल नाहीतच, ड्रॉवरच्या वरच्या कडेला बोटं घालायला खाच आहे, आणि साठ वर्षं बोटं लागून ती खाच मधोमध जास्त गडद झालीय. वॉलनट नाही आणि मला त्याचं काहीच वाटत नाहीये.

सगळ्याचे ३५ हजार दिले. आजी २० म्हणत होत्या, पण ओशिवऱ्याचे भाव ऐकून आले होते, मला ते बरं वाटेना. टेम्पो आणि हमालीचे साडेचार वेगळे, कारण चौथा मजला आणि लिफ्टमध्ये उभं कपाट मावेना.

आता प्रश्न. एका टेबलावर गरम कपाच्या पांढऱ्या चकत्या आहेत आणि दुसऱ्याचा वरचा थर एका कोपऱ्यात फुगलाय. पॉलिशवाला म्हणतो सगळं घासून पीयू (पॉलियुरेथेन) मारू, दहा वर्षं बघायला नको. मारू का?

सुतारपक्षी

नको! पीयू मारलंत की ते मॉलमधल्या फर्निचरसारखं दिसेल आणि ती गडद झालेली खाच पहिल्या फटक्यात जाईल. पांढऱ्या चकत्या पडल्यात म्हणजे बहुधा मूळ लाखेचं फ्रेंच पॉलिश शाबूत आहे. चकती पॉलिशमध्ये असते, लाकडात नाही. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या पुरचुंडीने त्याच थरावर हात मारणारा माणूस शोधा. पन्नाशीच्या पुढचा असेल तर उत्तम. काम पावसाळ्यात करून घेऊ नका, हवेतल्या ओलाव्याने लाखेवर पांढुरका धूर बसतो. थंडी पडू दे.

फुगलेला कोपरा म्हणजे तिथे विनिअर आहे आणि खालचा सरस सुटलाय. ओलसर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री क्षणभर फिरवा, सरस मऊ होतो, मग लाकडी ठोकळा ठेवून रात्रभर वजन. आधी कडेला करून बघा. नाही बसलं तर सरस म्हातारा झालाय समजा आणि सुताराकडून ब्लेडने चीर देऊन नवीन भरून घ्या.

प्लायपुराण

फोटो टाका. (मान्य आहे, खाच ऐकून मलाही बघावंसं वाटतंय.)

चाफेकळी

टाकते घरी गेल्यावर. आणि आरशाचं काय करू? कडा घासलेली जाड काच आहे, खालच्या बाजूला पारा उडून काळे डाग पडलेत. नवरा म्हणतो काच बदल, तोंड दिसत नाही.

वांद्रेकर

जुन्या आरशाला सगळे 'बेल्जियम काच' म्हणतात, तुमच्याकडेही कोणीतरी म्हणेलच. असो नसो, ठेवा. घासलेली कड असलेली त्या जाडीची काच आता फ्रेमच्या खाचेत बरोबर बसणारी मिळवताना नाकी नऊ येतात. तोंड बघायला बाथरूममध्ये आरसा आहे.

सुतारपक्षी

आणि पॉलिशवाल्याला बजावून सांगा, आधी मागची फळी उघडून काच बाहेर काढायची, मगच फ्रेमला हात लावायचा. स्पिरिट काचेमागे झिरपलं की उरलेला पाराही सुटेल. मागच्या खिळ्यांना गंज असणार, पकडीने ओढू नका, फळी फाटेल. खिळ्याभोवती थोडं तेल सोडून एक रात्र ठेवा, मग सुटतात.